जुन्या नाट्यगृहात ‘संशयकल्लोळ’: हौशी संस्थेसाठी तयारीचा क्रम

ग्वाल्हेरात एखाद्या मराठी संस्थेने जुनं विनोदी नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं की कामं बहुधा अशी होतात: आधी भूमिका वाटल्या जातात, मग पदं बसतात, मग नाटक लांबतंय म्हणून संहितेला कात्री लागते, आणि नाट्यगृहाच्या रंगमंचावर नट पहिल्यांदा पाय ठेवतात ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी. माणसं मनापासून राबलेली असतात, गाणी छान झालेली असतात, तरी हशा येत नाही. चूक मेहनतीत नसते, क्रमात असते.

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ उदाहरणाला घेऊ, कारण हौशी मंडळी बरेचदा याच नाटकाकडे वळतात आणि इथेच फसतात. हे नाटक कोणी काय पाहिलं यावर उभं आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे नवरा-बायको, अश्विनशेठ आणि रेवती हे एकमेकांवर प्रेम करणारे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका खिडकीतून पाहते. तिथे पडलेली अश्विनशेठची तसबीर तिच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. पुढचा सगळा गोंधळ या तीन नजरांतून निघतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला यातली एक नजर जरी दिसली नाही, तरी त्याच्यासाठी पुढचा तासभर नुसती भांडणं उरतात. म्हणून आधी नाट्यगृह, मग संहिता, मग माणसं. खालचे टप्पे याच क्रमाने, साधारण दहा आठवड्यांच्या हिशोबाने दिले आहेत; कंसातले आठवडे प्रयोगापासून मागे मोजलेले आहेत.

१. नाट्यगृह आधी पाहा (दहावा आठवडा)

दाल बाजारातलं नाट्य मंदिर असो, महाराज बाड्यावरचा टाउन हॉल असो की दुसरं कुठलं जुनं सभागृह, तारीख पक्की करण्याआधी दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजना करणारा अशा तिघांनी तिथे अर्धा दिवस काढावा. टेप, खडू, वही आणि टॉर्च बरोबर न्या. मोजायचं ते हे: रंगमंचाची रुंदी आणि खोली, कमानीची उंची, दोन्ही विंगांत खरोखर किती जागा आहे, एका विंगेतून दुसरीत प्रेक्षकांना न दिसता जाता येतं का, आणि रंगपटापासून (रंगभूषेच्या खोलीपासून) रंगमंचापर्यंत नऊवारी नेसलेली बाई किती वेळात पोचते.

मग एकाने रंगमंचावर वेगवेगळ्या जागी उभं राहायचं आणि दुसऱ्याने पहिल्या रांगेची दोन्ही टोकं, शेवटच्या रांगेची दोन्ही टोकं आणि गॅलरी असेल तर तिचे कोपरे, अशा प्रत्येक जागी बसून पाहायचं. जिथून रंगमंचाचा जो भाग दिसत नाही तो खडूने रंगमंचावरच आखा, फोटो काढा, वहीत उतरवा. ही आखणी पुढे दहा आठवडे लागणार आहे. जुन्या वास्तूंत खांब असतात, गॅलरीचा कठडा उंच असतो, कडेच्या खुर्च्या तिरक्या असतात. या गोष्टी बदलणार नाहीत, तेव्हा आपल्या हालचाली त्यांच्याभोवती बसवाव्या लागतात.

आवाज दोनदा तपासा. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरलेल्या सभागृहात माणसं आणि त्यांचे कपडे तो शोषून घेतात. रिकाम्या हॉलमध्ये घुमतं म्हणून नटांना संथ बोलायला शिकवलं, तर प्रयोगाच्या दिवशी नाटक रेंगाळतं. दुसरी तपासणी बाहेरच्या आवाजाची. प्रयोग ज्या वेळी व्हायचा आहे त्याच वेळी, दारं लावून आणि पंखे सुरू ठेवून, आत पाच मिनिटं शांत बसा.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे: ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च. डिसेंबरात तानसेन समारोह हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, चांगले साथीदार त्यात गुंतलेले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याच्या रात्री घरी परतायची काळजी असलेला वयस्क प्रेक्षक मध्यंतरातच उठतो. आणि कार्तिकी एकादशीनंतर वरातींचे बँड सुरू होतात. बाजारातल्या नाट्यगृहात फाल्गुनरावाचं स्वगत बँडशी झुंजत बसतं.

*तपासा:* दिसण्या-न दिसण्याची आखणी वहीत आहे का? रंगीत तालमीसाठी एक पूर्ण दिवस हॉल लेखी मिळाला आहे का? तोंडी आश्वासनावर पुढे जाऊ नका.

२. हक्कांचा प्रश्न मिटवा

भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर, मृत्यूचं वर्ष संपल्यापासून 60 वर्षं हक्क राहतात. देवल 1916 मध्ये गेले, तेव्हा त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. हाच नियम लावला की आचार्य अत्रे (निधन 1969) यांच्या नाटकांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत, आणि पु. ल. देशपांडे (निधन 2000) यांचे 2060 अखेरपर्यंत. ‘मोरूची मावशी’ किंवा ‘तुझे आहे तुजपाशी’ तिकीट लावून करायचं असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधी हातात हवी.

दोन गफलती नेहमी होतात. पहिली: मूळ नाटक मुक्त असलं तरी अलीकडे कुणी केलेली संक्षिप्त रंगावृत्ती मुक्त नसते. दुसऱ्या संस्थेची कापलेली प्रत परस्पर वापरू नका, मूळ छापील पुस्तकावरून स्वतःची प्रत तयार करा. दुसरी: हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण ‘देणगी प्रवेशिका’ काढल्या की तो प्रयोग बिनतिकीट मानला जाईल असं धरून चालू नका.

३. तसबिरीचा तक्ता, मग कात्री (नववा आठवडा)

सर्वांत जास्त नाटकं इथे मरतात, म्हणून या टप्प्याला पूर्ण आठवडा द्या.

कापायला बसण्याआधी मोठ्या कागदावर तक्ता करा. प्रत्येक प्रवेशासाठी पाच रकाने: तसबीर कोणाकडे आहे, या प्रवेशात कोणी काय पाहिलं, त्याने त्याचा काय अर्थ लावला, खरं काय होतं, आणि प्रेक्षकाला खरं कधीपासून माहीत आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. या नाटकातला हशा प्रेक्षकाला जास्त माहीत असल्यामुळे येतो. पात्रं अंधारात आणि प्रेक्षक उजेडात, हा तोल एका वाक्याच्या कात्रीनेही बिघडतो.

तक्ता झाला की संहिता मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. हालचाली, येणं-जाणं आणि हशा मिळून वाचनाच्या वेळात पाव ते एक तृतीयांश भर पडते. आजच्या प्रेक्षकासाठी साधारण हिशोब असा धरा: गद्य 95 मिनिटं, बारा पदं सरासरी चार मिनिटांची म्हणजे 48 मिनिटं, मध्यंतर 15 मिनिटं. एकूण दोन तास अडतीस मिनिटं. साडेसहाला पडदा उघडला तर सव्वानऊच्या आत माणसं बाहेर पडतात. यापेक्षा लांबलं तर शेवटचा उलगडा घाईत उरकला जातो, आणि प्रेक्षक तर त्याच्यासाठीच थांबलेला असतो.

कापण्याचा क्रम असा ठेवा:

1. आधी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणारी वाक्यं.
2. मग आज अर्थ न लागणारे तत्कालीन उल्लेख, पण त्यावर पुढचं उत्तर अवलंबून नसेल तरच.
3. मग पदांची कडवी.
4. सर्वांत शेवटी, नाइलाज झाला तर, एखादा छोटा प्रवेश.

तक्त्यात ज्याची नोंद आहे त्याला हात लावायचा नाही. ‘हे वाक्य विनोदी नाही, काढून टाका’ असं तालमीत कुणी म्हणालं तर तक्ता पुढे करा. जे वाक्य स्वतः हसवत नाही तेच वीस मिनिटांनी येणाऱ्या हशाची तयारी करत असतं. उलट, एखादा सुटा चुटका कितीही चांगला असला तरी तो गेल्याने गोष्टीचं काही अडत नाही.

*सावधान:* आजचे विनोद घालू नका. मोबाइल, निवडणूक, चौपाटीवरचे पदार्थ असे संदर्भ आले की पहिला हशा मिळतो आणि पुढची दहा मिनिटं देवलांची भाषा परकी वाटायला लागते. हा व्यवहार तोट्याचा आहे.

४. माणसं आणि पदं (आठवा आठवडा)

ग्वाल्हेरची खरी श्रीमंती गाण्यात आहे. माधव संगीत महाविद्यालयासारख्या संस्थेत शिकलेली मुलं-मुली इथे घरोघर सापडतात, त्यामुळे अश्विनशेठ आणि रेवती यांना गळा मिळणं अवघड नाही. अवघड आहे तो गळा आवरणं. ख्यालाची तालीम घेतलेला गायक पद हातात आलं की बढत करतो, म्हणजे आलापांनी ते वाढवत नेतो, आणि त्याचं मन मोडवत नाही. पण नाट्यपद प्रवेशाच्या मधोमध येतं. ते संपलं की समोरच्या पात्राने उत्तर द्यायचं असतं. पद सुरू होताना जो प्रसंग होता तो पद संपताना प्रेक्षकाच्या मनात तसाच ताजा राहिला पाहिजे.

म्हणून प्रत्येक पदाची मर्यादा मिनिटांत लिहून ठेवा आणि ऑर्गनवाल्याला, तबलजीला तिची प्रत द्या. ‘कर हा करी धरिला’ किंवा ‘मृगनयना रसिक मोहिनी’ अशा, श्रोते वाट पाहत असतात त्या पदांना मोकळीक द्या, बाकीची आटोपशीर ठेवा. वन्समोअर घ्यायचा की नाही, कोणत्या दोन पदांना घ्यायचा आणि त्यात फक्त शेवटचं कडवं गायचं की पूर्ण पद, हे आत्ताच ठरवा. रंगमंचावर ऐनवेळी नजरानजर करून ठरवलं की सहकलाकार खांबासारखे उभे राहतात.

पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला षड्ज धरून कोण गाणार याचा, प्रश्नही आत्ताच सोडवा. अश्विनशेठ काळी एकमध्ये गाणार आणि रेवती काळी चारमध्ये, तर तबले दोन लागतील. दुसरा तबला आधी लावून, झाकून, हाताशी ठेवायचा. प्रवेश सुरू असताना हातोडीची ठकठक चालत नाही.

फाल्गुनरावासाठी मात्र गळा शोधू नका, कान शोधा. समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकून मग बिघडणारा नट हवा. आपण हास्यास्पद आहोत हे फाल्गुनरावाला ठाऊक नाही, त्याचा संशय त्याच्यापुरता खरा आणि दुखरा आहे. चेहरे करणारा, प्रेक्षकाकडे पाहून भुवया उडवणारा नट कितीही लोकप्रिय असला तरी इथे निवडू नये. कृत्तिकेचंही तेच: ती कजाग म्हणून रंगवली की नाटक स्त्रीची टिंगल करणारं होतं, आणि देवलांनी संशयाचा रोग दोघांनाही सारखाच दिला आहे हे हरवतं.

५. उच्चार

ग्वाल्हेरात वाढलेल्या तरुण नटांची शाळा हिंदीत झालेली असते. घरातली आपली बोली गोड आहे, पण देवलांचं वाक्य तिच्यात बसत नाही. तीन गोष्टींवर रोज पंधरा मिनिटं द्या. ‘चोर’, ‘जावई’, ‘माझा’ यांतले दंत्य उच्चार. ‘ळ’, जो ‘कळलं’सारख्या शब्दात घाईने ‘ल’ होतो. आणि लिंग: ‘आवाज आली’, ‘मजा आला’ अशी हिंदीच्या वळणाची वाक्यं पाठांतर कच्चं असलं की हमखास तोंडात येतात. पाठांतर शब्दशः हवं. ‘अर्थ तोच आहे ना’ हा युक्तिवाद विनोदी नाटकात चालत नाही, कारण हसवणारा शब्द वाक्यात नेमक्या जागी, बहुधा शेवटी, ठेवलेला असतो.

६. तालमी: आधी नजरा, मग हालचाली, मग वेग (सातवा ते दुसरा आठवडा)

तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगमंचाचं खरं माप आणि न दिसणाऱ्या जागा चिकटपट्टीने आखा. पहिल्या दिवसापासून तसबीर हातात द्या. वही किंवा मोबाइल तसबीर म्हणून वापरू नका. तिचं वजन, ती कोणत्या हातात, कोणत्या बाजूने प्रेक्षकाला दिसते, यावर हालचाली ठरतात.

पहिले दोन आठवडे फक्त ‘कोण काय पाहतो’ बसवा. ज्या क्षणी काही दिसतं त्या क्षणी बाकी सगळं थांबलं पाहिजे: पाहणाऱ्याशिवाय कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही. मग पाठांतर पक्कं करून हालचाली. वेग सर्वांत शेवटी. हौशी तालमीत नेमकं उलट घडतं. विनोदी नाटक म्हणजे पळापळ या समजुतीने पहिल्या आठवड्यातच सगळे धावायला लागतात, आणि गडबडीत कोणी काय पाहिलं ते कुणालाच कळत नाही.

स्वगतं. एक पात्र प्रेक्षकांशी बोलत असताना दुसऱ्याने त्याच्याकडे पाहायचं नाही, आणि चुळबुळही करायची नाही. त्याला एखादं साधं, सुरू असलेलं काम द्या: उपरणं घडी करणं, पानाचं तबक सरकवणं. बोलणाऱ्याने सभागृहात एक ठरावीक जागा निवडावी, मधल्या रांगांच्या थोडी वर. छपराकडे पाहून बोललेलं स्वगत कुणाचंच नसतं.

हशा. हे शिकवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते शिकवलंच जात नाही. हशा उठला की तो चढेपर्यंत थांबायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर नाटक प्रत्येक हशानंतर नव्याने सुरू करावं लागतं. हशात घुसलात तर पुढचं वाक्य वाया जातं आणि प्रेक्षक, पुढचं ऐकू यावं म्हणून, हसणं दाबायला शिकतो. थांबताना भूमिकेत राहायचं. फाल्गुनराव संशय घेत राहतो, नट हशाची वाट पाहत उभा राहत नाही. संहितेत अपेक्षित हशाच्या जागी खूण करा आणि तालमीत एकाला त्या जागी टाळ्या वाजवायला बसवा. कधी वाजवू नयेत हेही त्याला गुपचूप सांगा. जिथे हशा आला नाही तिथे अडखळायचं नाही, हीसुद्धा तालीम आहे.

*सावधान:* चौथ्या आठवड्यात तालमीत कोणीच हसत नाही. हे ठरलेलं आहे. वाक्यं शंभरदा ऐकून झालेली असतात. नेमक्या याच वेळी नट ‘काहीतरी नवीन’ घालू लागतात: घसरणं, तोतरेपणा, विचित्र चाल. दिग्दर्शकाने इथे घट्ट राहावं. हवं तर नाटक न पाहिलेली पाच-सहा माणसं बोलावून एक तालीम दाखवा, त्यांचे प्रश्न लिहून घ्या. ‘छान आहे’ याचा उपयोग नाही. ‘ती तसबीर तिच्याकडे कशी आली?’ असं कुणी विचारलं तर त्या जागेची दुरुस्ती त्याच दिवशी करा.

७. वस्तू, नेपथ्य, वीज (तिसरा आठवडा)

तसबीर साधारण सहा बाय आठ इंच, लाकडी चौकटीत, काचेशिवाय. काच दिव्यात चमकते आणि चित्र दिसत नाही. पाठ गडद ठेवा, म्हणजे ती उलटी-सुलटी झालेली कळते. ती पडते त्या जागेवरची सतरंजी काढा. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला की गॅलरीतलं डोकंही वळतं. दुसरी तशीच तसबीर विंगेत तयार असावी.

कृत्तिकेची खिडकी मागच्या कोपऱ्यात नको. रस्ता आणि खिडकी प्रेक्षकाला एका नजरेत दिसली पाहिजेत. खिडकीखाली दोन फुटांची लेव्हल (उंच चौथरा) द्या आणि पहिल्या टप्प्यातल्या आखणीवर ताडून पाहा. जुन्या वास्तूच्या लाकडात खिळे, स्क्रू ठोकायचे नाहीत. फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या चौकटीला) मागून तिरका आधार आणि वाळूच्या पिशव्या पुरतात.

पोशाख सधन गृहस्थी घराचा. आपल्या शहराचा अभिमान म्हणून फाल्गुनरावाला शिंदेशाही पगडी घालण्याचा मोह आवरा; तिने तो दरबारी माणूस होतो, आणि त्याचं सगळं नाटक घराच्या उंबऱ्याशी आहे.

विजेचं गणित कागदावर करा. 1000 वॅटचा एक दिवा 230 व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे 15 अँपियरच्या एका सॉकेटवर तीनच. जुन्या वायरिंगवर तेवढाही भार द्यायचा का, हे हॉलच्या इलेक्ट्रिशियनने प्रत्यक्ष पाहून सांगावं. ध्वनीची आणि दिव्यांची लाइन वेगळी घ्या, नाहीतर डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) हलला की स्पीकर गुणगुणतो. विजेच्या आगीवर पाणी चालत नाही. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं दोन्ही विंगांत ठेवा. प्रकाश सरळ आणि भरपूर हवा. काळोखातला विनोद कुणाला दिसत नाही.

माइक कॉलरला लावू नका, उपरण्याची खसखस ऐकू येते. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले आणि वरून टांगलेले माइक पुरेसे आहेत.

८. रंगीत तालीम

सकाळी नेपथ्य आणि दिवे, दुपारी फक्त एन्ट्री-एक्झिट आणि पदांची सुरुवात-शेवट, संध्याकाळी न थांबता पूर्ण नाटक, प्रयोगाच्याच वेळेला. दिग्दर्शकाने एका जागी बसू नये. पहिला अंक कडेच्या खुर्चीतून, दुसरा गॅलरीतून, पुढचा शेवटच्या रांगेतून पाहावा. दुरुस्त्या त्या रात्री दहापेक्षा जास्त सांगू नका, आणि नवं काहीच घालू नका.

*तपासा:* एकूण वेळ, वाद्यांची बैठक कुणाची दृष्टी अडवते का, प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेत जातो का, अंधारात विंगेतली पायरी दिसते का (पांढरी पट्टी लावा).

९. प्रयोगाचा दिवस

रंगभूषा तीन तास आधी सुरू. नऊवारी आणि पगड्यांना प्रत्येकी वीस मिनिटं धरा. वाद्यं हॉलमध्ये निदान दोन तास आधी आणून ठेवा; गाडीतून आणलेला तबला बदललेल्या हवेत उतरतो किंवा चढतो, त्याला स्थिरावू द्या आणि मग लावा. वस्तूंच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखून नाव लिहा. रिकामी चौकट लगेच दिसते.

पहिली घंटा पडद्याच्या पंधरा मिनिटं आधी, दुसरी पाच मिनिटं आधी, तिसरीला नांदी. सत्कार, दीपप्रज्वलन, मनोगतं ठेवायचीच असतील तर मध्यंतरानंतर पाच मिनिटांत उरका. नाटकाआधी अर्धा तास भाषणं ऐकलेला प्रेक्षक हसायला तयार नसतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याला जे सांगायचं आहे त्याकडे त्याचं लक्ष नसतं. उशिरा येणाऱ्यांना पहिल्या पदाच्या वेळी आत सोडा, तसबीर पडायच्या प्रवेशात अजिबात नाही. दारावरच्या स्वयंसेवकाला तो प्रवेश कधी येतो हे मिनिटात लिहून द्या.

एकाला मागच्या रांगेत संहिता घेऊन बसवा. कुठे हशा आला, कुठे अपेक्षित असून आला नाही, कुठे वाक्य ऐकू आलं नाही, एवढंच त्याने लिहायचं. पडदा पडल्यावर ती प्रत दिग्दर्शकाकडे जाऊ दे. दुसरा प्रयोग इंदूरला किंवा बडोद्याला लागणार असेल, तर तिथलं नाट्यगृह मोजायला जाताना तसबिरीच्या तक्त्याबरोबर हीच प्रत सोबत न्यायची आहे.